देहाच्या भिंतीतला चुना

वाडा किती वर्षे टिकेल, हे नुसत्या विटांवर ठरत नाही; विटांमधल्या चुन्यावर ठरते. आपल्या देहाचेही तसेच आहे. माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. रक्तातल्या पेशी मोकळ्या वाहतात, हे खरे. पण त्वचेच्या, आतड्याच्या, यकृताच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून बसतात. त्यांनी हात सोडले, तर अंघोळीच्या पहिल्या तांब्यासरशी आपली कातडी वाहून जायची! मग त्यांना धरून ठेवते कोण?

या कोड्याचा पहिला धागा सापडला तो समुद्रातल्या स्पंजात. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने जिवंत स्पंजाचे तुकडे पीठ चाळण्याच्या बारीक रेशमी कापडातून पिळून काढले. पाण्यात सुट्या पेशींचा गाळ साचला. पण काय नवल! त्या पेशी सरकत सरकत एकत्र आल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज उभा राहिला. पुढे १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी बेडकांसारख्या उभयचर प्राण्यांच्या गर्भातल्या पेशी सुट्या करून एकत्र कालवल्या. थोड्या वेळाने पाहतात तो त्वचेच्या पेशी बाहेरच्या अंगाला आणि मज्जातंतूंच्या पेशी आत! म्हणजे पेशींना नुसते चिकटता येते असे नाही. आपले कोण नि परके कोण, हेही त्या ओळखतात.

दोन शहरे, दोन निकाल

हे कशामुळे होते, याचा उलगडा केला मासातोशी ताकेइची या जपानी शास्त्रज्ञाने. क्योटोत काम करून १९७० नंतरच्या दशकात तो अमेरिकेतल्या बाल्टिमोरला गेला. पेशी सुट्या करायला दोन्हीकडे ट्रिप्सिन हा पाचक पदार्थच वापरीत. तरी क्योटोच्या पद्धतीने सोडवलेल्या पेशी पुन्हा भराभर चिकटत, बाल्टिमोरच्या पद्धतीने सोडवलेल्या चिकटत नसत. एखाद्याने हात टेकले असते. ताकेइचीने खोदून पाहिले, तेव्हा बाल्टिमोरच्या द्रावणात कॅल्शियम खेचून घेणारे एक रसायन असल्याचे आढळले. कॅल्शियम गेले की चिकटवणारे प्रथिन उघडे पडे आणि ट्रिप्सिन त्याचा फडशा पाडी. चुन्यातला मुख्य धातू कॅल्शियम, आणि पेशींच्या बांधणीलाही तोच लागावा, ही केवढी गंमत!

१९८४ मध्ये या प्रथिनाला 'कॅडहेरिन' हे नाव मिळाले. पेशीच्या अंगातून ते पाच मण्यांच्या सरीसारखे बाहेर आलेले असते. मण्यांच्या सांध्यांत कॅल्शियम बसले म्हणजे सर ताठ उभी राहते, आणि तिचे टोक शेजारणीच्या सरीच्या टोकात अडकते. १९८७ साली या प्रथिनाचे जनुक उंदराच्या न चिकटणाऱ्या पेशींत घातले, तशा त्या पेशी एकमेकींना बिलगल्या! पुढे दोन जातींची कॅडहेरिने दोन निरनिराळ्या गटांना देऊन ते गट मिसळले, तर जो तो आपल्या गटात जाऊन बसला. होल्टफ्रेटरचे कोडे असे सुटले.

इवल्याशा बाटलीतली पूड

हे मानवी प्रथिन आज प्रयोगशाळांना विकत मिळते. त्यासाठी माणसाचा देह धुंडाळावा लागत नाही. माणसाचे जनुक काचपात्रात वाढणाऱ्या पेशींत घालतात. त्याआधी प्रथिनाला पेशीत रुतवून ठेवणारी शेपटी तेवढी कापून टाकतात. मग पेशी ते तयार करून भोवतालच्या द्रवात सोडतात. ते गाळून, शुद्ध करून, गोठवून सुकवले की पांढरी पूड उरते. तिचे मोजमाप तोळ्यामाशांत नव्हे, ग्रॅमच्या दशलक्षांशात! हिचा लेप दिलेल्या काचेवर पेशी ठेवल्या, की त्या कशा धरतात आणि कशाने सुटतात, हे स्वच्छ पाहता येते. मात्र हे औषध नव्हे. 'केवळ संशोधनासाठी' अशी सूचना बाटलीवर असते.

हात सुटले तर?

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर न्यूझीलंडमध्ये आहे. तिथल्या एका मोठ्या माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या ऐन उमेदीतली माणसे जठराच्या कर्करोगाने जात होती. कुटुंबाने स्वतः पुढाकार घेऊन शास्त्रज्ञांना साकडे घातले. ओटागो विद्यापीठाचे पॅरी गिलफर्ड व त्यांचे सहकारी यांनी त्या कुटुंबाबरोबर शोध घेतला आणि १९९८ मध्ये दोष उघड झाला. तो नेमका ई-कॅडहेरिनच्या जनुकात होता! या रोगात गाठ होत नाही. हात सुटलेल्या पेशी एकेकट्या जठराच्या अस्तराखाली पांगतात. म्हणून दुर्बिणीने तपासूनही त्या कित्येकदा हाती लागत नाहीत.

दोष आईकडे किंवा वडिलांकडे असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याचा संभव निम्मा. आता रक्ताच्या तपासणीने तो आधी कळतो. ज्यांच्यात तो नाही, ते निर्धास्त होतात. ज्यांच्यात आहे, त्यांतले कित्येक रोग व्हायच्या आधीच जठर काढून टाकतात आणि थोडे थोडे खाऊन पुढचे आयुष्य काढतात. निर्णय कठीण खरा. पण पूर्वीच्या पिढ्यांना तो घेण्याची संधीसुद्धा नव्हती.

क्योटोतल्या पेशी चिकटतात, मग बाल्टिमोरमधल्या का नाहीत? हा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटला असता. पण त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला गेला, म्हणूनच पुढे त्या माओरी घरातल्या मुलांना आपल्या वाट्याला काय आले आहे, हे वेळेत कळू शकले.