ढालकिडा : बागेचा अनोळखी राखणदार

वालाच्या वेलीचा कोवळा शेंडा उलटून पाहिला, तर पुष्कळदा तेथे माव्याची काळी दाटी आढळते. त्याच दाटीत मसुराच्या दाण्याएवढा, तांबूस पाठीवर काळे ठिपके मिरविणारा एक किडा फिरताना दिसतो. हा ढालकिडा. तो झाडाला खात नाही, माव्याला खातो.

देखणा असल्यामुळे त्याला सहसा कोणी मारीत नाही. संकट ओढवते ते त्याच्या संततीवर. मादी माव्याच्या शेजारीच पानामागे पिवळ्या, उभ्या अंड्यांचा पुंजका घालते. त्यांतून निघणारी अळी करडी, खरखरीत, चिमुकल्या सुसरीसारखी. आईबापांशी तिचे काडीचेही साम्य नसते. माळी तिला कीड समजून चिरडून टाकतो. वस्तुतः कोषात जाण्यापूर्वी हीच अळी शेकडो मावा फस्त करते. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलीमस हा ढालकिडा १८९८ साली कॉफीच्या मळ्यांसाठी ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. आज द्राक्षबागांतही तो सोडतात. त्याची अळी तर पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, कापूस माखलेली! मात्र ती त्याच्याहून मोठी आणि चपळ असते, एवढी खूण ध्यानात ठेवावी.

या किड्याचे मोल कॅलिफोर्नियातील संत्राबागायतदारांनी दोनदा अनुभवले. ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीने त्यांच्या बागा उद्ध्वस्त होत होत्या. १८८८ साली अल्बर्ट कोबेले हा कीटकशास्त्रज्ञ तिच्या मायदेशी गेला व तेथून त्याने वेडालिया नावाचे ढालकिडे बोटीने धाडले. अवघ्या दोन वर्षांत बागा सावरल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे डीडीटी फवारले गेले. ढालकिडे मेले आणि आटोक्यात आलेली खवले कीड पुन्हा उसळली.

म्हणून मावा दिसताच औषधाचा पंप उचलू नये. आधी पाने उलटून राखणदार आहेत का ते पाहावे. नसल्यास पाण्याचा जोरदार फवारा मारूनही मावा बराच झडतो. मुंग्यांचा मात्र बंदोबस्त करावा. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसाच्या लोभाने त्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात.

आता या घराण्यातील कुलांगाराविषयी दोन शब्द. वांग्याच्या पानांची चाळण करणाराही एक ढालकिडाच आहे. त्याच्या पाठीवर बहुधा अठ्ठावीसपर्यंत ठिपके असतात, बारीक लव असल्यामुळे तकाकी नसते आणि त्याची अळी पिवळी, काटेरी असते. तो मात्र खुशाल वेचून काढावा.