इंजिनाची वाकळ

इंजिन तापतं हे आपण लहानपणापासून पाहत आलो. आमच्या सोलापूरकडे मे महिन्यात बॉनेट उघडून उभा असलेला ट्रक आणि पाणी शोधत फिरणारा क्लीनर हे नेहमीचंच दृश्य. इंजिन गारठून बंद पडतं, हे मात्र मला पन्नाशीनंतर भाच्यानं सांगितलं. तो अमेरिकेत, आयडाहो राज्याच्या उत्तरेला राहतो. ‘मामू, इथं इंजिनाला वाकळ घालावी लागते,’ असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा मला थट्टाच वाटली.

त्याच्याकडे स्नोबाइक आहे. मातीत उड्या मारणारी मोटोक्रॉसची मोटारसायकल घ्यायची, पुढच्या चाकाच्या जागी स्की आणि मागच्या चाकाच्या जागी रणगाड्यासारखा रबरी पट्टा बसवायचा. असे संच बनवणारी टिंबरस्लेड ही कंपनी त्याच भागातल्या सँडपॉइंटची. २०१५ मध्ये ती पोलारिसनं घेतली.

इंजिन मात्र मूळचंच, उन्हाधुळीसाठी घडवलेलं. भुसभुशीत बर्फातून जाताना उडालेला बर्फ सारखा रेडिएटरवर आणि इंजिनावर पडतो. आत फिरणारं कूलंट इतकं गार होतं की सिलिंडर आकसलेलाच राहतो आणि पिस्टन मात्र आगीनं फुगतो. दोघांत फट ती केवढी! ती मिटली की पिस्टन अडकला. शिवाय पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. नाही तर ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसू लागतं. त्याला मग वंगण कसं म्हणायचं?

पहिल्याच हिवाळ्यात भाच्याला वेगळाच धडा मिळाला. इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी एक नळी असते. तिच्यातली दमट हवा तोंडाशी गोठली, नळी बुजली, आत दाब वाढला आणि ऑइलचं सील बाहेर सरकलं. ऑइल बर्फावर सांडलं. रस्ता दीड मैलावर होता. पाय कमरेपर्यंत रुतत होते. पोचायला पाच तास लागले. पायाची दोन बोटं महिनाभर बधिर होती. हे त्यानं आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, अजून सांगितलेलं नाही. ती रेडिओ ऐकत नाही, म्हणून सांगतो.

आता त्यानं त्या नळीला वरच्या बाजूला आणखी एक भोक ठेवलंय. तोंड गोठलं तरी वाट राहते. इंजिनाभोवती निओप्रीनचं आवरण आहे. हवेच्या वाटेवर बारीक जाळी आहे, नाही तर बर्फाची भुकटी आत जाऊन विरघळते. आणि थर्मोस्टॅट बसवलाय. तोही साधा नव्हे. साधा थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमधलं बर्फगार कूलंट एकदम तापल्या इंजिनात घुसतं. बायपास असलेल्या थर्मोस्टॅटमुळे कूलंट आधी इंजिनातच फिरतं आणि गार कूलंट हळूहळू त्यात मिसळतं. घाटात ट्रक हाकलेल्या माणसाला हे चटकन पटेल. तापल्या इंजिनात गार पाणी ओतण्याचा मोह कसा नडतो, ते त्याला ठाऊक असतं.

ऑइल तो लवकर लवकर बदलतो. निघण्याआधी इंजिन जरा गरम होऊ देतो आणि वाटेत हँडलवरच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवतो. मार्चमध्ये बर्फ टणक होतो, इंजिनावर उडेनासा होतो. तेव्हा तेच इंजिन आपल्याकडच्यासारखं तापू लागतं आणि वाकळ काढून ठेवावी लागते.