निळ्या माशाची न विकली जाणारी भावंडं

थायलंडच्या नाखोन पाथोम प्रांतात फायटर माशांची पैदास करणाऱ्या ज्या मोठ्या जागा आहेत, तिथे टाक्यांपेक्षा बाटल्या जास्त असतात. दारूच्या रिकाम्या चपट्या बाटल्या, एकमेकींना खेटून रांगेत उभ्या केलेल्या, आणि प्रत्येकीत एकेक नर. दोन नर एका पाण्यात नांदत नाहीत, म्हणून वयात येताच प्रत्येकाची सोय वेगळी करावी लागते. चपटी बाटली जागा कमी खाते. शिवाय या माशाला कल्ल्यांच्या वर असलेल्या एका अवयवामुळे पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेता येते, त्यामुळे थोड्या पाण्यातही तो तग धरतो. या रांगेतला गडद निळा नर पाहून कुणालाही वाटेल, की असा एक नर आणि अशीच निळी मादी आणली की घरी सगळी निळीच पिल्लं होतील. तसं होत नाही, आणि ते का होत नाही यातच या कसबाचं मर्म आहे. फायटरचा रंग एका माशाच्या अंगावर दिसतो, पण सांभाळावा लागतो तो अख्ख्या घराण्यात. त्या घराण्यातले ज्यांच्यावाचून अडतं ते मासे बहुतेक वेळा दुकानात पोचतच नाहीत. रंगाची पैदास करणाऱ्याला जोखायचं असेल तर त्याने काय विकलं यापेक्षा त्याने काय ठेवून घेतलं ते पाहायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

मुळात हा मासा रंगासाठी पाळलाच गेला नव्हता. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, तो झुंजीसाठी निवडला जाई. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासावरून दिसतं की माणसाने तो माणसाळवून किमान हजार वर्षं झाली असावीत. ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० साली त्याला बेटा स्प्लेन्डेन्स हे शास्त्रीय नाव दिलं, आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भातखाचरांत आणि दलदलीत राहणारा रानटी मासा मातकट असतो, पर आखूड असतात, आणि लाल-हिरवी झाक दिसते ती चिडल्यावर किंवा मादीसमोर. आज आपण जे रंग पाहतो ते बव्हंशी गेल्या शंभर वर्षांतलं काम आहे.

निळ्याचंच उदाहरण नीट पाहण्याजोगं आहे. या माशाच्या कातडीत रंगपेशींचे थर असतात: पिवळ्या, काळ्या, लाल, आणि त्यांच्या जोडीला चमकीच्या पेशी. निळ्या रंगाचं द्रव्य यांपैकी कशातच नाही. चमकीच्या पेशींत ग्वानीन नावाच्या पदार्थाच्या अतिशय पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांवरून उजेड परावर्तित होतो आणि आपल्याला निळा किंवा हिरवा दिसतो. म्हणून तोच मासा खिडकीशी वेगळा दिसतो आणि दिव्याखाली वेगळा. आता या चमकीचा रंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येक माशात असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. दोन्ही एका प्रकारच्या असल्या तर मासा हिरवट, ज्याला बाजारात टर्कॉइज म्हणतात. दोन्ही दुसऱ्या प्रकारच्या असल्या तर मासा पोलादी करडा, म्हणजे स्टील. एक या प्रकारची आणि एक त्या, असं झालं तरच तो रॉयल ब्लू. गुडरिच आणि मर्सर या संशोधकांनी १९३४ मध्ये या माशाच्या रंगांची आनुवंशिकता मांडायला सुरुवात केली आणि १९५८ मध्ये वॉलब्रन यांनी ती आणखी पुढे नेली. तेव्हापासून हा हिशोब पैदास करणाऱ्यांच्या तोंडपाठ आहे. निळा आणि निळी यांची जोडी लावून दोनशे पिल्लं जगली, तर साधारण पन्नास हिरवी, शंभर निळी, पन्नास करडी. शंभर निळ्यांतल्या निम्म्या माद्या. उरलेल्या पन्नास नरांपैकी ज्यांचे पर वाकडे, ज्यांच्या निळ्यावर लालसर डाग, ते बाजूला काढले की हाती किती राहतात ते सांगायला नको.

यावर जाणकार लगेच म्हणेल, की मग निळ्याला निळी लावताच कशाला? हिरव्या नराला करडी मादी लावा, सगळीच्या सगळी पिल्लं निळी येतील. हे शंभर टक्के बरोबर आहे, आणि माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा नाही. कारण तसं करायचं तर एक हिरवं आणि एक करडं, अशी दोन शुद्ध घराणी वर्षानुवर्षं राखावी लागतात, तीही विकण्यासाठी नव्हे तर निळा मासा काढण्यासाठी. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावण्याची गरज नाही. संकरित कपाशीचं बी घरचं राखून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक फुटतं, एकसारखं येत नाही, आणि मूळ नर-मादी वाण ज्याच्या ताब्यात असतात त्याच्याच दारात परत जावं लागतं. हिरव्या आणि करड्या माशांनाही गिऱ्हाईक असतं, प्रदर्शनांत त्यांचेही वर्ग असतात, हे खरं. पण ज्या करड्या मादीच्या पोटची निळी पिल्लं स्वच्छ, बिनडागाची निघतात ती मादी विकून चालत नाही, आणि तिच्याकडे नुसतं पाहून तिची किंमत कळत नाही. ती कळते तिच्या पिल्लांवरून. मादीचे पर आखूड, त्यामुळे नरात जो पंख्यासारखा पिसारा फुलतो त्याचा वारसा तिच्याकडे कसा आहे हेही तिच्या अंगावर वाचता येत नाही. चांगल्या नराच्या बहिणी जपून ठेवायच्या हा या धंद्यातला पहिला पाठ आहे, आणि बाजारात सगळ्यांत कमी भाव असतो तो या बहिणींनाच.

काळ्या रंगाकडे आलं की हा मुद्दा आणखी ठसठशीत होतो. मखमली काळा, ज्याला मेलानो म्हणतात, तो अप्रभावी जनुकामुळे येतो. म्हणजे दोन्ही प्रती त्याच जनुकाच्या असल्या तरच मासा काळा. अशा काळ्या नराला संतती होते. काळ्या मादीची मात्र अंडी फळत नाहीत. ती नराशी जुळते, अंडी घालते, नर ती गोळा करतो, आणि त्यांतून पिल्लं निघत नाहीत. तेव्हा काळ्यापासून काळा कधीच सरळ मिळत नाही. काळा नर एखाद्या करड्या मादीला लावायचा, त्यांची पिल्लं काळी नसतात पण काळ्याची एक प्रत बाळगून असतात. त्यांतली मादी पुन्हा काळ्या नराला लावायची, तेव्हा निम्मी पिल्लं काळी निघतात. जगातला प्रत्येक मेलानो फायटर अशा एका आईच्या पोटी आलेला आहे जी स्वतः काळी नव्हती. तिला दुकानात ठेवलं तर ‘ही कुठली?’ म्हणूनसुद्धा कुणी विचारणार नाही.

घराणं टिकवण्याचं काम किती चिवट आहे ते कळायला एकदा जोडी लागताना पाहायला हवी. नर पृष्ठभागावर लाळेने बांधलेल्या बुडबुड्यांचं घरटं करतो, बहुधा एखाद्या तरंगत्या पानाखाली. मादी घरट्याखाली आली की तो तिच्याभोवती अंग वळवतो, आणि क्षणभराने पांढरी, मोहरीहून बारीक अंडी खाली सुटतात. नर ती तोंडाने वेचतो, वर नेऊन एकेक बुडबुड्यात बसवतो, आणि परत येतो. हे तासन् तास चालतं. मग मादीला बाहेर काढावं लागतं, नाहीतर तोच नर तिला मारतो. दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांत पिल्लं आडवी पोहायला लागतात, आणि तेव्हापासून त्यांना डोळ्यांना जेमतेम दिसेल असं जिवंत खाद्य लागतं, पुढे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची ताजी फुटलेली पिल्लं. एका जोडीमागे दोन-तीनशे तोंडं, आणि तीन-चार महिन्यांत ती स्वतः जोडी लावण्याजोगी होतात. इतक्या झपाट्याने पिढी बदलते म्हणून रंगावर काम करणं शक्य होतं. पण मासा जगतो दोन ते चार वर्षं, आणि चांगली अंडी-पिल्लं देतो ती त्याहूनही कमी काळ. कुत्र्याची किंवा आंब्याची जात काही वर्षं कुणी लक्ष दिलं नाही तरी शिल्लक राहते. निळ्याची दोन घराणी सांभाळणारा माणूस दोन वर्षं आजारी पडला, तर घराणं संपलं. सख्ख्या भावंडांत जोड्या लावत राहिलं की अंडी कमी फळतात आणि पाठीचे कणे वाकतात, म्हणून मधूनच बाहेरचं रक्त आणावं लागतं, आणि ते आणलं की रंग पुन्हा विस्कटतो. कुठल्या बाटलीतली मादी कुणाची मुलगी, हे लिहून ठेवणारी वही या धंद्यात खाद्याइतकीच गरजेची आहे.

बाहेरच्या रक्तातला सगळ्यांत मोठा धोका म्हणजे मार्बल. १९७०च्या दशकाच्या आसपास अमेरिकेतल्या इंडियानात, तुरुंगात फायटर पाळणाऱ्या एका कैद्याच्या काळ्या माशांच्या पैदाशीतून हा ठिपकेदार प्रकार पुढे आला. मार्बल माशाचा रंग आयुष्यभर एक राहत नाही. पांढरा मासा काही महिन्यांत निळा होतो, निळ्याचा पांढरा होतो. आज ‘कोई’, ‘गॅलक्सी’, ‘कँडी’ अशा नावांनी जे बहुरंगी मासे विकले जातात ते साधारणपणे याच वळणाचे. २०१६ च्या नोव्हेंबरात थायलंडच्या राष्ट्रध्वजाच्या लाल, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांचा एक नर लिलावात ५३,५०० बाट एवढ्या किमतीला गेला आणि जगभर त्याची बातमी झाली. माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप इथे येतो: बाजाराला घराणं नकोच आहे, त्याला हा एक देखणा मासा हवा आहे, मग वंशावळीचा एवढा बडिवार कशाला? उत्तर असं, की हजारो पिल्लांत योगायोगाने एक ध्वजासारखा निघाला तर तो विकत घेता येतो, पण पुन्हा मागवता येत नाही. त्याची पिल्लं त्याच्यासारखी निघतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि तो स्वतः पुढच्या वर्षी तसाच दिसेल याचीही नाही. शिवाय एकरंगी घराण्यात असा एक मासा शिरला की पुढच्या अनेक पिढ्या ठिपके उगवत राहतात. बहुरंगी माशांना चांगला भाव असताना निळ्याचं निव्वळ घराणं राखणं हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि तो काही लोक करतात म्हणूनच निळा अजून आहे.

लाल रंग मात्र माझ्या बाजूने फारसा बोलत नाही, हे मान्य करायला हवं. चांगला लाल, लाल मादीला लावला तर लालच देतो. तिथे मेहनत वेगळी: निळसर चमक अंगावर पसरू द्यायची नाही, आणि खाद्य चोख ठेवायचं, कारण लाल रंगातला कॅरोटिनॉइडचा भाग मासा स्वतः तयार करू शकत नाही, तो अन्नातूनच येतो. तरीही लाल घराण्यातून जे बाद होतात त्यांच्यावरच नजर ठेवून ते घराणं लाल राहतं.

बाद होणाऱ्यांची गोष्ट निघाली की क्रूरतेचा प्रश्न टाळता येत नाही, आणि तो मला खरोखर छळतो. दोनशेतले दीडशे नको असतील तर त्यांचं काय होतं? काही स्वस्तात विकले जातात, काही मोठ्या माशांचं खाद्य होतात. त्याहून वाईट म्हणजे काही रंग माशालाच इजा करतात. ड्रॅगन म्हणून जो जाड, चांदीसारखा खवला थाई लोकांनी या शतकाच्या सुरुवातीला आणला, तोच थर काही माशांत डोळ्यावर चढतो आणि मासा आंधळा होतो. त्याला ‘डायमंड आय’ असं गोंडस नाव देऊन विकणं मला निंद्य वाटतं. पण यातून रंगाची पैदासच बंद करावी असं निघत नाही. उलट जो पैदासकार न दिसणाऱ्या माद्यांची, आंधळ्या निघालेल्या भावंडांची नोंद ठेवतो, त्यालाच कळतं की अमुक जोडी पुन्हा लावायची नाही. ज्याच्याकडे फक्त विकलेल्या माशांचे फोटो आहेत त्याला ते कळायची सोयच नाही.

एक आधुनिक आक्षेप उरतो. या माशाचं संपूर्ण जनुकीय वाचन झालं आहे, लाल-निळ्याच्या फरकामागची जनुकं शोधली गेली आहेत, प्रयोगशाळेत जनुकात थेट बदलही करून झाले आहेत, आणि २०२० पासून अमेरिकेत परकं जनुक घातलेला चमकता हिरवा फायटर दुकानात मिळतो. मग करड्या माद्या कशाला सांभाळायच्या? पण रॉयल ब्लू हा दोन वेगळ्या प्रती एकत्र आल्याने होणारा रंग आहे. पुढच्या पिढीत त्या प्रती वेगळ्या होणारच, आणि प्रयोगशाळेत केलेल्या निळ्याचीही पिल्लं हिरवी, निळी, करडी अशीच फुटणार. काळ्या मादीची अंडी फळत नाहीत तेही नुसतं जनुकांची यादी करून सुटलेलं नाही.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात किंवा कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात, आणि चेन्नईच्या कोलत्तूरमधून देशभर, जे फायटर विकले जातात त्यांत नरच जास्त असतात, कारण गिऱ्हाईक पिसाऱ्यासाठी पैसे मोजतं. महाराष्ट्रात हा मासा वाढवायला अडचण अशी काही नाही. त्याला लागणारं सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं पाणी कोकणात बहुतेक वर्षभर मिळतं, आणि थायलंडमध्ये ज्या झाडाची वाळकी पानं पाण्यात टाकून तांबूस, किंचित आम्ल पाणी करतात तो देशी बदाम आपल्या शाळांच्या आवारात सावलीसाठी लावलेला असतो. उणीव आहे ती माद्यांची आणि वह्यांची. बँकॉकहून आणलेल्या निळ्या नराला मिळेल ती मादी लावून होणारी पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत रंगाने विस्कटतात, आणि मग पुन्हा नवा नर मागवला जातो. ज्याला इथे निळा रंग टिकवायचा आहे त्याने परदेशी विक्रेत्याला निळा नर मागण्याऐवजी त्याची करडी बहीण आणि हिरवा भाऊ मागावा, आणि त्यांची आई कोण होती तेही लिहून द्यायला सांगावं.