कापलं की निघून जातं

सकाळी ७.४५
उद्या गुरुवार. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुटी, आणि विजेच्या दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी निघतात. म्हणून बुधवारी आल्याआल्या पहिला हिशोब विजेचा. आमचं फटीग मशीन नमुन्यावर वाकवणारा भार ठेवून त्याला मिनिटाला ३,००० वेळा फिरवतं. एक कोटी फेरे पुरे व्हायला साडेपंचावन्न तास लागतात, म्हणजे आज लावलेला लांबचा नमुना उद्या मध्येच थांबणार. तो नंतर पुन्हा सुरू करता येतो, पण थांबल्याची नोंद रिपोर्टात जाते आणि ग्राहक नेमकं तिथंच बोट ठेवतो. तेव्हा आज जास्त ताणाचेच नमुने. लाखभर फेऱ्यांत तुटणारा अर्ध्या तासात मोकळा होतो.

९.००
वायरकट. थ्रीडी प्रिंटरमधून आलेली ३१६एल स्टेनलेस स्टीलची प्लेट बाथमध्ये बसवली आहे. तिच्यावर दातेरी पट्ट्या छापलेल्या: वर सलग पट्टी, खाली बारीक दाते, दात्यांची मुळं प्लेटला चिकटलेली. तार एकेक दाता कापत पुढं जाते.

“मॅडम, ही उठणार बघा,” काका म्हणतात. यंत्रावर त्यांची हयात गेली आहे. धातू छापून येतो हे त्यांना अजून पटलेलं नाही, पण तो कसा वागतो ते त्यांना माझ्याआधी कळतं.

शेवटच्या टोकाचा एकच दाता शिल्लक राहतो, तोवर पट्टीचं मोकळं टोक वर वळलेलं असतं. डायल लावायचीही गरज नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतं. दुसऱ्या प्लेटवर याच मापाच्या पट्ट्या आहेत, पण ती आधी भट्टीतून आणली होती. तिथली पट्टी जेमतेम हलली.

१०.३०
नवा प्रशिक्षणार्थी विचारतो, “मॅडम, बाहेरून कुणी ओढत नाही, तर ताण येतो कुठून?”

म्हटलं, कागद घे. ३१६एल एक अंश तापला की मीटरमागे साधारण १६ मायक्रॉन वाढतो. लेझरखाली वितळून गोठलेला थर हजार अंश निवला तर त्याला मीटरमागे १६ मिलिमीटर आखडायचं असतं. खालचा गोठलेला भाग त्याला आखडू देत नाही. आता छापलेल्या ३१६एलचं यील्ड, म्हणजे ज्या ताणापुढं धातू कायमचा ताणला जातो तो, ५०० मेगापास्कल धर. तेवढ्या ताणाला तो लवचिकपणे मीटरमागे अडीच मिलिमीटरच्या आसपास ताणला जातो. उरलेलं सगळं त्याला कायमचं ताणलं जाऊन भागवावं लागतं, आणि लवचिक हिस्सा आत अडकून राहतो. म्हणून हा ताण यील्डच्या जवळ जाऊन पोचतो. वरच्या आणि बाहेरच्या कातडीला ओढ, पोटात दाब, आणि दोन्हींची बेरीज शून्य. प्लेटपासून कापलं की ती बेरीज मोडते. सकाळची पट्टी उठली ती त्यामुळे.

त्यानं लगेच पुढचं विचारलं, आणि प्रश्न चांगला होता: “मग फटीगचे नमुने लेथवर टर्निंग करून घेतो, तेव्हा?”

तेव्हा हा ताण बराचसा निघून जातो. जाड छापील दांड्यातून बारीक नमुना काढला की ओढीची कातडी भंगारात जाते, आणि टूल स्वतःचा वेगळा ताण पृष्ठभागावर ठेवून जातं. त्या नमुन्याचा आकडा धातूबद्दल खरा असतो. ग्राहकाच्या पार्टबद्दल तो खरा असेलच असं नाही. माझ्या मते या धंद्यातली निम्मी भांडणं इथून सुरू होतात.

१.१५
डबा. आज वांग्याचं भरीत.

२.००
एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. एका पंपवाल्यांचा छापील इंपेलर पात्याच्या मुळाशी तडकून आला आहे. भंगाचा पृष्ठभाग असिटोनमध्ये धुऊन आत ठेवला. आधी कमी पटीवर बघायचं. घाईनं हजारपटीवर गेलं की जंगल दिसत नाही, झाडंच मोजत बसावं लागतं. किरणांसारख्या रेघा उलट्या दिशेनं एका ठिकाणी जमतात: कडेपासून थोडं आत, पात्याची खालची बाजू, जी छापताना सपोर्टवर टेकलेली होती. तिथं एक चपटी पोकळी आहे आणि तिच्यात पावडरचे न वितळलेले गोल कण जसेच्या तसे. दोन थर एकमेकांत नीट मुरलेच नाहीत. तिथून पुढं बारीक समांतर रेघा, तड फेऱ्यामागून फेऱ्यात सरकल्याच्या खुणा. शेवटी एकदम फाटलेला खडबडीत भाग.

आता दोष कुणाचा? ग्राहकाला एकच नाव हवं असतं. पण पोकळी पोटात असती, तर तिथल्या दाबानं तिला मिटवून धरलं असतं. ती नेमकी ओढीच्या कातडीखाली सापडली. पंप फिरताना येणारा भार तेवढाच, पण त्याच्या बुडाशी आधीच ओढ बसलेली. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात तड अधिक वेळ उघडी राहिली. तड अगदी लहान असते आणि पुढं सरकावं की नाही अशा उंबरठ्यावर असते, तेव्हा हा फरक सगळ्यात जास्त नडतो. एकदा ती मोठी झाली, की आतल्या ताणाचं फारसं चालत नाही.

४.३०
पंपवाल्यांचा फोन. “ताई, स्ट्रेस रिलीव्हिंग केलं होतं हो, सर्टिफिकेट आहे.” सर्टिफिकेट मेलवर येतं. भट्टी ६५०ला दोन तास. तारीख वायरकटच्या चलनानंतरची.

म्हणजे आधी कापलं, मग तापवलं. प्लेटला धरून असताना जे सरळ राहिलं असतं, ते सुटल्यावर वळलं, आणि वळलेलं मग भट्टीत निवांत झालं. माप जुळवायला नंतर कुठंतरी प्रेसवर दाबलं असणार. पात्यांवर तशा खुणा आहेत, हे मी त्यांना सांगितलं. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग विषय बिलावर गेला.

शिवाय ६५०ला ताण बराच उतरतो, पण सगळा नाही. ९००ला जवळजवळ जातो. मात्र छपाईत मिळालेली बारीक पेशींची रचना तिथं विरायला लागते आणि यील्ड खाली येतं. काय हवं ते पार्टचा भार बघून ठरवायला हवं. ड्रॉइंगवर मात्र ‘स्ट्रेस रिलीव्ह’ एवढे दोनच शब्द असतात. तापमान नाही, क्रमही नाही.

६.१५
आजचे नमुने तुटले, एक सोडून. तो उतरवून फेरे लिहून ठेवले, मशीनचा मेन बंद केला. रिपोर्टात शिफारशी दोन: भट्टी प्लेटसकट आणि वायरकटच्या आधी, आणि पात्याची खालची बाजू छापून आल्यावर घासून काढायची. त्यांची पुढची प्लेट शुक्रवारी सकाळी भट्टीत जाईल. काकांना दुपारचं बुकिंग दिलं, तर म्हणाले, शनिवार करा, भट्टीवाले कधी वेळेवर देतात?

शनिवार केला.