कुठल्या तोंडानं विचारू?

परवा भरदुपारी ओळखीच्या एक बाई आल्या. चहा हातात तसाच निवत चाललेला. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन विषय राहिले म्हणून घरी आलाय, आणि पहाटेपर्यंत मोबाइलवर काय बघतो ते त्यांच्या नजरेस पडलं. "यांना कळलं तर फोडून काढतील हो त्याला. आणि मी तरी कुठल्या तोंडानं विचारू?"

मैत्रिणींनो, मला काळजी वाटली ती या शेवटच्या वाक्याची. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले सोसले. तरी २००७ साली महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली! २०१६ पासून डेटा स्वस्त झाला, आणि आपण जे सांगितलं नाही ते असल्या चित्रफिती सांगू लागल्या, तेही खोटंनाटं.

कुतूहलानं कधी पाहिलं तर ते व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अनावर लैंगिक वर्तनाचा विकार आहे. पण महिनोन् महिने आवरत नाही, अभ्यास, झोप, माणसं सुटतात, तेव्हाच तो मानायचा. नुसती मनाला टोचणी लागते, एवढ्यावरून नाही.

मी विचारलं, "फोनवर त्याच्याशी काय बोलता?" म्हणाल्या, "जेवलास का, मार्क किती पडले." बस्स! इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून जातंय, रूमवरची पोरं आपापल्या फोनमध्ये, घरी आई-वडलांचा अबोला. अशा पोराला रात्र खायला उठते. मग ते बघायचं, घटकाभर विसरायचं, नंतर स्वतःचीच किळस, आणि ती विसरायला पुन्हा तेच. यात वडलांचा मार पडला की चोरी वाढते, सवय नाही सुटत. (मुलींचंही असं होतं बरं, त्या सांगत नाहीत इतकंच.)

म्हटलं, फोन हिसकावू नका. रात्री सगळ्यांचेच फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, यांचासुद्धा. त्याला झोपेबद्दल विचारा, एकटं वाटतं का विचारा. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलतात.

चार दिवसांनी जिन्यात भेटल्या. भाजी निवडता निवडता विचारलंन् त्यांनी. आधी तो उठून गेला, मग परत येऊन बसला आणि खूप रडला म्हणे. नंबर त्यानं लिहून घेतलाय. यांना मात्र अजून सांगितलेलं नाही.