एका नावाची दोन फुलं

जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रात्री आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये अचानक वर्दळ वाढते. कुणाकडे बारसं नसतं, की टीव्हीवर मॅच नसते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे ब्रह्मकमळ उमलणार असतं! नऊ-साडेनऊपासून माणसं जमू लागतात. काकू हळदकुंकवाचं तबक आणि उदबत्ती आणून ठेवतात, काका कॉफीचं बघतात. पेंगुळलेल्या पोरांना हलवून जागं केलं जातं. दुपारपर्यंत खाली मान घालून लोंबणारी कळी आता बाक देऊन वर आलेली असते. ती बघता बघता फुलते आणि मध्यरात्रीपर्यंत वाडग्याएवढं पांढरंशुभ्र फूल आपल्या सुगंधानं सगळी बाल्कनी भरून टाकतं. सकाळी दूधवाला येतो, तेव्हा त्याच फुलानं मान टाकलेली असते.

उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला नावांची पडताळणी करण्याची खोड असते. खातं एकाचं आणि सही दुसऱ्याची, असं दिसलं की पेन थबकतं. या फुलाच्या बाबतीत नेमकं तसंच आहे. बाल्कनीतलं आपलं ब्रह्मकमळ हे कमळ तर नाहीच, पण मूळचं भारतातलंही नाही. ते एक निवडुंग आहे. एपिफायलम ऑक्सिपेटलम हे त्याचं शास्त्रीय नाव आणि दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला हा त्याचा मूळ मुलूख. तिथं ते जंगलात झाडांच्या आधारानं वाढतं आणि रात्री उडणारे मोठे पतंग त्याचं परागीभवन करतात. आपण ज्यांना त्याची पानं म्हणतो, ते खरं तर चपटे झालेले खोडच असते. म्हणून तर कळी 'पानाच्या' कडेला फुटते!

खरं ब्रह्मकमळ राहतं हिमालयात, साधारण बारा हजार फुटांच्या वर. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. सॉस्युरिया ऑब्व्हालाटा असं त्याचं नाव आणि उत्तराखंडाचं ते राज्यफूल. त्याला पाहायला रात्र जागवावी लागत नाही. पाय मात्र झिजवावे लागतात.

मी ते पहिल्यांदा पाहिलं १९९७ च्या ऑगस्टमध्ये. गोविंदघाटाहून चालत घांगरियाला मुक्काम, तिथून एक वाट व्हॅली ऑफ फ्लॉवर्सकडे जाते आणि दुसरी हेमकुंडाकडे चढते. ही दरी जगाला ठाऊक झाली ती फ्रँक स्माइथ या ब्रिटिश गिर्यारोहकामुळे. १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून परतताना तो आणि त्याचे सोबती या दरीत उतरले. फुलांनी तो असा काही झपाटला, की १९३७ मध्ये केवळ फुलांसाठी पुन्हा आला आणि पुढच्या वर्षी त्यानं दरीवर पुस्तक लिहिलं. त्यानंतर १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही बाई फुलांचे नमुने गोळा करायला आली आणि कड्यावरून घसरून तिथंच गेली. तिची समाधी दरीत आहे. जाणारा-येणारा तिच्यावर दोन फुलं ठेवतो.

ब्रह्मकमळं भेटली ती हेमकुंडाच्या चढावर, पार वरच्या टप्प्यात, खडकांच्या सांदीत. गुडघ्याच्या खालीच राहणारं रोप आणि त्याच्या माथ्यावर फिकट पिवळसर, तेलकागदासारख्या पातळ पाकळ्यांचा द्रोण. या पाकळ्या नव्हेतच. ती फुलाभोवतीची पानं आहेत. खरी फुलं आत, जांभळी, इवलीशी, दाटीवाटीनं बसलेली. तो द्रोण म्हणजे त्यांचं काचघर! उजेड आत येऊ द्यायचा आणि गारठा व पाऊस बाहेर ठेवायचा. त्याचाच एक भाऊबंद, फेनकमळ, आणखी वर राहतो. तो सबंध अंगावर पांढरी लोकर पांघरून बसतो. थंडी प्रत्येकाला असते. उपाय ज्याचा त्याचा.

तेव्हा माझ्याकडे फिल्मचा कॅमेरा होता आणि पाच रोल. छत्तीस गुणिले पाच, म्हणजे एकशे ऐंशी चित्रं. शिल्लक मोजून खर्च करायची सवय तिथं कामी आली. फुलांचा फोटो काढायला लख्ख ऊन बरं, असा समज असतो. डोंगरावर उलट अनुभव येतो. ढगाळ हवेतला मऊ उजेड पाकळीची शीर न् शीर दाखवतो. ऊन पडलं की पांढरं जळतं आणि सावली काळी होते. खरा वैरी वारा. एका हातानं छत्रीचा आडोसा करायचा, कोपरं जमिनीला टेकवायची, फुलाच्या उंचीला उतरायचं आणि दोन झुळकांच्या मधल्या क्षणाची वाट पाहायची. फिल्मची एक गंमत आता विस्मरणात चालली आहे. काही निळी फुलं तिच्यावर निळी उमटतच नसत, जांभळट किंवा गुलाबीसर येत. आपल्या डोळ्यांना न दिसणारा तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश ही फुलं परावर्तित करतात आणि फिल्मला तो थोडा जाणवत असे. डोळा खोटा की कॅमेरा, असा प्रश्न तेव्हा पडायचा.

आमच्या गटात एक गृहस्थ होते. बागेचे मोठे शौकीन. त्यांनी पिशवीतून छोटं खुरपं काढलं आणि एका ब्रह्मकमळाशी बसले. "असली माल आहे, घरी लावू," म्हणाले. आमच्या सोबतचा गढवाली वाटाड्या विशीतला पोरगा. तो ओरडला नाही. शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "साब, नीचे ले जाओगे तो रोएगा." गृहस्थांनी दोन क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि खुरपं पिशवीत गेलं.

पोराचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. डोंगरमाथ्यावरच्या झाडांना आपल्या दुपारींपेक्षा आपल्या उबदार रात्री जास्त छळतात. त्यांना हिवाळ्याची झोप लागते, तीही बर्फाच्या दुलईखाली. ती दुलई त्यांना बोचऱ्या वाऱ्यापासून वाचवते आणि कोरडी ठेवते. इंग्लंडमध्ये तर हवा थंडच असते, तरी तिथल्या हौशी बागवानांना अशी झाडं सांभाळायला खटाटोप करावा लागतो. पाणी ठरू नये म्हणून ते खडी-दगडांचे वाफे रचतात. हिवाळी पाऊस लागू नये म्हणून छप्पर घालतात, पण वारा खेळता ठेवतात. अशा झाडांसाठी तिथं १९२९ पासून खास संस्था आहे आणि लंडनच्या क्यू उद्यानात २००६ मध्ये एक स्वतंत्र काचघर उघडलं गेलं. तिथं ही तऱ्हा, तर पुण्या-नागपूरच्या कुंडीत काय कथा!

पण खुरपं पिशवीत ठेवलं म्हणजे फूल वाचलं, असंही नाही. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली, चराई बंद झाली. पुढं पॉलिगोनम नावाची तिथलीच एक उंच वनस्पती माजली आणि लहान फुलांची जागा खाऊ लागली. चराई थांबल्यामुळं हे झालं, असं काही अभ्यासक म्हणतात. इतरांना ते पटत नाही. वनखात्याची माणसं मात्र ती उपटत असतात. २००५ मध्ये दरी जागतिक वारशाच्या यादीत गेली. जून २०१३ च्या महापुरानं तिकडच्या वाटांची धूळधाण केली. त्या पुन्हा बांधाव्या लागल्या. आणि सगळ्यांत मोठा धोका तर हवेतच आहे. युरोपातल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की खालच्या वनस्पती वर सरकताहेत आणि तो वेग वाढतो आहे. ज्यांचं घर आधीच माथ्यावर, त्यांनी आणखी वर कुठं जायचं?

मग बाल्कनीतल्या त्या मेक्सिकन पाहुण्याला ब्रह्मकमळ म्हणायचं की नाही? माझ्या मते खुशाल म्हणावं. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा, गजऱ्यातला निशिगंधही तिकडचाच. माणसांप्रमाणे फुलांनाही दत्तक घ्यायची आपली रीत आहे. फक्त दत्तक मुलाला खरी गोष्ट सांगावी, म्हणजे मूळ घराचा विसर पडत नाही.

लावायला ते सोपं आहे. जून पानाचा वीतभर तुकडा सावलीत पाच-सहा दिवस सुकू द्या. मग माती, जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं पालापाचोळ्याचं खत अशा मिश्रणात लावा. कुंडी लहानच बरी. उजेड भरपूर, दुपारचं ऊन नको, हिवाळ्यात पाणी बेताचं. दोन-तीन वर्षं धीर धरा. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पाकळ्यांचं नुसतं पांढरं पिठलं होतं. बॅटरीवर बटर पेपर धरून उजेड बाजूनं सोडा आणि मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवा.

या झाडाचा मला भावलेला गुण म्हणजे ते वाटून वाढतं. बहुतेक कुंड्या कुणाच्या तरी कुंडीतल्या एका पानातून आलेल्या असतात. हिमालयातल्या त्याच्या नावबंधूचं तसं नाही. त्याच्याकडे आपणच जायचं, गुडघे टेकून पाहायचं, वाटलं तर फोटो काढायचा आणि रिकाम्या हातानं उतरायचं. एक फूल द्यायला शिकवतं आणि दुसरं सोडून यायला. दोघांचं नाव एकच असलं, तर त्यात बिघडलं कुठं?