लॅपटॉप दुरुस्तीसाठी कंपनीकडे देताना

वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते. लॅपटॉपच्या तळाशी असलेला सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की उरलेली मुदत कळते. चहा सांडला किंवा पडून स्क्रीन फुटला, तर साधी वॉरंटी कामाची नाही.

देण्याआधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्या. काही मॉडेलांत स्टोरेज मदरबोर्डवरच पक्के बसवलेले असते. बोर्ड बदलला की फोटो, फायली सगळेच जाते आणि कंपन्या सहसा त्याची जबाबदारी घेत नाहीत.

जॉबशीट, म्हणजे लॅपटॉप दुरुस्तीला घेतल्याची पावती, हातात पडल्याशिवाय काउंटर सोडू नका. तिच्यावर बिघाड नेमका लिहून घ्या. ‘चालत नाही’ असे मोघम नको, ‘चार्जर काढताच बंद पडतो’ असे हवे. आधीचे ओरखडेही नोंदवा, नंतर भांडण बहुधा त्यांवरूनच होते. बदललेल्या भागाची वॉरंटी किती, तेही तिथेच विचारा.

दुरुस्ती रखडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५. तेवढ्याने भागले नाही, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर शुल्कही नाही.